फास ६०४ ची नवी आवृत्ती ६००४ : कोणी वापरलंय का? (सोलापूर, घरचा १० मीटर सराव)

सात_रस्ता :

नमस्कार मंडळी. इटलीचं जुनं फास ६०४ हे सिंगल स्ट्रोक एअर पिस्तूल आता कियाप्पा कंपनी ६००४ या नावाने काढते. घरी १० मीटरचा सराव करायला ते घ्यावं असं डोक्यात आहे. हॉलच्या भिंतीपासून मागच्या गॅलरीच्या भिंतीपर्यंत सरळ ११.४ मीटर मिळतात. पीसीपी (आधीच भरलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणारं) मुद्दाम नको म्हणतोय. सिलिंडर २०० बारला भरून द्यायची सोय हाताशी नाही, आणि रोज हातपंप मारायचा म्हणजे सराव राहिला बाजूला, दंडबैठकाच जास्त.

ज्यांच्याकडे आहे किंवा ज्यांनी असलं पिस्तूल खोलून पाहिलंय त्यांनी सांगा. ट्रिगर ५०० ग्रॅमवर बसवता येतो का, आणि बसवला की तिथे राहतो का? ग्रिप प्लास्टिकची घ्यावी की अक्रोडाची? आपल्याकडच्या मे महिन्यात सील तग धरतात का? जिल्ह्याच्या स्पर्धेत घेऊन गेलो तर इक्विपमेंट कंट्रोलला (साहित्याच्या तपासणीत) अडवतील का? आणि कुठे मूळ ६०४ जुन्यात मिळालं, तर नव्याऐवजी तेच घ्यावं का?

दहा_पॉइंट_नऊ :

वापरतोय, म्हणून लिहितो. फास हे स्पर्धेच्या पिस्तुलांचं जुनं नाव. ६०१ म्हणजे .२२ शॉर्टचं रॅपिड फायर, ६०२ म्हणजे .२२ लाँग रायफलचं, ६०३ म्हणजे .३२ चं. त्याच घरातलं हवेचं भावंड म्हणजे ६०४. खटका दाबला की वरचा भाग मागच्या बाजूने सुटतो, तो पुढे पूर्ण उचलायचा, छर्रा ठेवायचा आणि वरचा भाग खाली दाबून बंद करायचा. त्या एका दाबात हवा भरली. सिलिंडर नाही, स्प्रिंग नाही, त्यामुळे धक्काही जवळपास नाही. ६००४ मध्ये हीच रचना ठेवलीय. बॅरल साडेसात इंच, वजन ९०० ग्रॅमच्या आसपास, वेग सेकंदाला साधारण १०० मीटर.

वेगाचा आकडा ऐकून लोक नाक मुरडतात. कागदाला गोल भोक पाडायला तेवढा पुरतो. अडचण दुसरीच आहे. पीसीपीपेक्षा इथे छर्रा बॅरलमध्ये जास्त वेळ असतो, त्यामुळे ट्रिगर तुटल्या क्षणी मनगट सैल केलंत तर ते कागदावर उमटतं. शॉट गेल्यावर साईटचं चित्र दोन आकडे मोजेपर्यंत तसंच धरून ठेवायची सवय नसेल, तर पहिले दोन आठवडे सात-आठ गुणच पडतील आणि तुम्ही साईटचे स्क्रू फिरवत बसाल. स्क्रूंना हात लावू नका.

ट्रिगर ५०० वर येतो. पण मोजायचा कसा, इथेच गोंधळ होतो. किराणा दुकानातलं अर्ध्या किलोचं लोखंडी वजन घ्या, त्याला जाड तारेचा हुक करा आणि हुकासकट स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. सगळं मिळून ५१० ग्रॅम भरलं पाहिजे, वरचे १० ग्रॅम आपल्या सुरक्षेसाठी. छर्रा न घालता दाब भरा, बॅरल छताकडे उभी धरा, हुक ट्रिगरच्या मध्यावर अडकवा आणि टेबलावर टेकलेलं वजन सावकाश उचला. वजन टेबलापासून सुटलं आणि ट्रिगर तुटला नाही, तर पास. स्पर्धेतही असंच बघतात आणि तीनच संधी देतात. दाब न भरता नुसता ट्रिगर ताणून घेतलेला आकडा धरू नका.

स्क्रू फिरवायच्या आधी प्रत्येकाच्या डोक्यावर आणि शेजारच्या धातूवर नेलपॉलिशची एक बारीक रेघ मारून ठेवा, म्हणजे मूळ जागा हरवत नाही. एका वेळी एकच स्क्रू, आणि तोही आठवा भाग फेरा. पहिल्या टप्प्याचं वजन ३०० ते ३५० ठेवून उरलेलं दुसऱ्या टप्प्यावर सोडलं, की भिंत, म्हणजे दुसरा टप्पा सुरू होतो ती जागा, बोटाला स्पष्ट लागते. ट्रिगर फार गुळगुळीत करायच्या नादात सिअरची (ट्रिगर ओढेपर्यंत शॉट अडवून धरणाऱ्या खाचेची) पकड कमी केलीत, तर बंद करतानाच शॉट सुटेल. म्हणून प्रत्येक बदलानंतर छर्रा न घालता, नळी छर्रापेटीकडे (छर्रे अडवायच्या खोक्याकडे) ठेवून, दहा वेळा जरा जोरात बंद करून बघा. दहापैकी एकदा जरी सुटला तरी पाव फेरा मागे.

छर्रा हलका घ्या, ०.४५ ग्रॅमचा, चपट्या तोंडाचा. रायफलचा ०.५३ ग्रॅमचा घातलात तर वेग आठेक टक्क्यांनी उतरतो आणि बॅरलमधला वेळ आणखी वाढतो. डोक्याचा व्यास ४.४९, ४.५० आणि ४.५१ असे तिन्ही थोडे थोडे आणा. उशीवर मनगट टेकवून प्रत्येकाचे दहा-दहाचे तीन ग्रुप पाडा. १० चं वर्तुळ ११.५ मिमीचं आहे, पण छर्र्याची कड रेघेला लागली तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे छर्र्याचा मध्य १६ मिमीच्या वर्तुळात पडला की दहा. टेकवून मध्य ते मध्य १० मिमीच्या आत ग्रुप येत असेल तर पिस्तुलाला दोष देण्यासारखं काही उरत नाही.

स्पर्धेचं : ४.५ मिमी, १५०० ग्रॅमच्या आत, ट्रिगर किमान ५००, पिस्तूल ४२० × २०० × ५० मिमीच्या पेटीत मावलं पाहिजे, साईट उघड्या. यात ते बसतं. अडवलंच तर ग्रिपवरून अडवतील, पिस्तुलावरून नाही. पण ६० शॉट ७५ मिनिटांत, शिवाय त्याआधीचे सायटर (न मोजले जाणारे सरावाचे शॉट), म्हणजे ऐंशीच्या वर वेळा ते जोर लावून बंद करायचं. चाळिसाव्या शॉटनंतर खांदा बोलायला लागतो. यावर उपाय एकच. बंद करताना ग्रिपचा हात सैल ठेवून पिस्तूल टेबलाच्या कडेवर किंवा मांडीवर टेकवायचं आणि जोर डाव्या हाताने लावायचा. नेमबाजीच्या हाताने हवा भरायची नाही.

अक्कलकोट_रोड_मिस्त्री :

सिलाबद्दल मी सांगतो, कारण लोक तेलानेच वाट लावतात ओ. आपल्या गावात घरोघरी मागाचं तेल असतं, नाहीतर शिलाई मशीनचं. दोन थेंब सोडले की मऊ चालतंय म्हणून खूश. काही रबर त्या तेलाने फुगतं, काही चिकट होतं, आणि त्यावर कापसाची धूळ बसली की पॉलिश पेपरच तयार झाला की. सिलाला सिलिकॉन ग्रीस, तेही नखावर मावेल एवढं. बिजागरीच्या पिनेला आणि खटक्याला वेगळं साधं ग्रीस चालतं. नळीत काहीच नाही. गंज काढायचा स्प्रे तर पिस्तुलाच्या खोलीतसुद्धा नको.

हवा गळतेय असं वाटलं की आधी गळती कुठे आहे ते शोधा, लगेच खोलायला बसू नका. जागा तीनच असतात. बंद करताना सुरुवातीपासूनच हलकं लागत असेल, जोरच लागत नसेल, तर पिस्टनचं सील गेलं. बंद करताना जोर नेहमीसारखा लागतो, लगेच मारला तर ठीक, पण मिनिटभर थांबून मारला तर छर्रा खाली पडतो, म्हणजे व्हॉल्व्ह धरत नाही. आणि जोरही लागतो, थांबूनही चालतं, पण वेग कायमच कमी, तर छर्रा ठेवतो त्या तोंडाचं सील बघा. टिश्यू पेपरची अर्धा इंच पट्टी त्या फटीवर टाकून शॉट मारा. पट्टी उडाली तर हवा तिथून जातेय.

ओ-रिंग बदलताना जुनी रिंग मापून तीच मागू नका. जुनी एक तर चपटी झालेली असते, नाहीतर फुगलेली. खाच मोजा. खाचेची खोली २.१ मिमी असेल तर २.४ मिमी जाडीची रिंग. म्हणजे साडेबारा टक्के दाब बसतो. सरकत्या सिलाला दहा ते पंधरा टक्के पुष्कळ झाले. जास्त जाड घातली तर बंद करताना घाम फुटेल आणि रिंग खाचेच्या कडेवर कापली जाईल. एमआयडीसीत हायड्रॉलिकच्या दुकानात नायट्राइल रबरच्या मिळतात, ७० शोअर कडकपणाची सांगा. ९० ची कडक असते, ती देऊ केली तर नको म्हणा. पाच रुपयाच्या मालासाठी डिजिटल व्हर्नियर घेऊन गेलात तर दुकानदार हसेल, हसू दे.

बसवताना रिंग खाचेत पिळा पडलेली नको. ग्रीस लावून टूथपिकने एक फेरी फिरवून घ्या. स्क्रूड्रायव्हरने ढकलली की रिंगला बारीक चीर पडते, डोळ्याला दिसत नाही, आणि मग दोन दिवसांनी इथेच येऊन लिहिता, नवीन रिंगसुद्धा गळते म्हणून.

उन्हाळ्याचं म्हणाल तर ४२-४३ अंशाने रबराला लगेच काही होत नाही. बंद गाडीत, डिकीत ठेवलं तर होतं. आणि हवा भरून ठेवून जेवायला जाऊ नका. भरलेल्या दाबाखाली सील तासन् तास दाबलेलं राहिलं की त्याचा आकार बसतो. भरलं की मारायचं. मारायचं नसेल तर सुरक्षित जागी रिकामं करायचं.

अजून एक. बंद करताना अर्ध्यात हात सोडायचा नाही. दाबलेली हवा वरचा भाग उलटा फेकते. बोट मध्ये असेल तर नख काळं, आणि पुढची पिन वाकली तर लेथवर बसावं लागतं.

जुनं_लोखंड :

सगळे नव्याचं कौतुक करताय, मी जरा दुसरी बाजू मांडतो. तेवढ्या पैशात जुन्यातलं इझ-४६एम मिळालं तर तेच घ्या. रशियाचं, इझेव्हस्कचं. तेही सिंगल स्ट्रोकच, पण पंपाचा दांडा खालून पुढे उघडतो आणि लांब आहे, त्यामुळे जोर कमी लागतो. बॅरल २८० मिमी, वजन १.३ किलोच्या घरात, वेगही जास्त. आणि नुसतं ब्रीच (छर्रा ठेवायचं तोंड) उघडलं की ट्रिगर ताणला जातो, हवा न भरता कोरडा सराव होतो. नवशिक्याने दिवसाला १०० वेळा ट्रिगर ओढायचा असतो, त्यातले ६० कोरडे. ते दिसायला ओबडधोबड आहे, हे मान्य.

दुसरा पर्याय फाइनवेर्कबाऊ ६५. १९६५ चं डिझाइन, स्प्रिंगचं, पण शॉटच्या वेळी वरचा सगळा भाग रुळावर मागे सरकतो, त्यामुळे हाताला धक्का पोचत नाही. आजही टेकवून मारलं तर एकाच भोकात जातं. फक्त घेताना नळीतून पिवळट-तपकिरी चिकट कण बाहेर येतात का बघा. आतला रबराचा बफर म्हातारा होऊन जेलीसारखा विरघळतो. कण दिसले तर पैसे देण्याआधी बफर बदलायचा खर्च धरा, आणि बदलेपर्यंत एकही शॉट मारू नका, पिस्टन धातूवर धातू आपटतो.

९०० ग्रॅमचं पिस्तूल हातात छान वाटतं, पण हलकं पिस्तूल लवकर थरथरतं. १५०० ची मर्यादा असताना कोणी ९०० वर का थांबावं?

दहा_पॉइंट_नऊ :

@जुनं_लोखंड इझ-४६एम बद्दल दुमत नाही, मिळालं तर उत्तमच. पण सुटे भाग कोण देणार हेही सांगा. ६५ चा बफर निदान बाहेरून मागवता तरी येतो. आणि वजनाचं उत्तर सोपं आहे. नळीखाली पुढच्या टोकाला ५० ग्रॅमपासून सुरुवात करा. शिशाची पट्टी कापून आधी चिकटपट्टीने लावा, आठवडाभर मारा, मग वाढवा. एकदम १५० लावलंत तर मनगट आधी खाली जातं आणि शॉट सहा वाजण्याच्या दिशेला, म्हणजे खाली, पडायला लागतात. सोळा वर्षांखालच्या पोराला तर ९०० चंच बरं.

मूळ ६०४ की ६००४, या प्रश्नावर माझं मत असं. जुन्याची किंमत ते कसं ठेवलं होतं त्यावर आहे. विकणाऱ्यासमोर चार गोष्टी करा. बंद केल्यावर वरचा भाग दोन बोटांत धरून हलवा, टकटक जाणवली तर हात जोडा. हवा भरून पूर्ण एक मिनिट थांबा आणि मग पुठ्ठ्यावर मारा. लगेच मारलेल्या शॉटशी भोकाची खोली ताडून बघा. नळीच्या तोंडाशी टॉर्च धरून कडेला ठेच आहे का बघा, तिथली एक ठेच सगळा ग्रुप उधळते. आणि कोरड्या सरावासाठी हवा न भरता ट्रिगर ताणता येतो ना, ते त्याच्याकडूनच करवून घ्या. चारही जमलं तर जुनं घ्या. एक जरी अडलं तर नवं. ‘किरकोळ आहे, सील बदललं की झालं’ असं म्हणणाऱ्याला म्हणावं, मग बदलूनच दे.

मिस्त्रींच्या म्हणण्यात एक भर. सिंगल स्ट्रोक पंप भोवतालची हवाच दाबतो. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास उंच, त्यामुळे इथे हवेचा दाब मुळातच पाचेक टक्के कमी. परिणामी कंपनीच्या आकड्यापेक्षा दोन-तीन टक्के वेग कमी दिसला तर सील गेलं समजून खोलू नका. उन्हामुळे वेग पडतो असं म्हणतात, त्यात उन्हापेक्षा वाळलेल्या ग्रिसाचा हात जास्त.

आणि ताल. हवा दाबली की गरम होते, मग थंड होत जाते आणि दाब उतरतो. आज पाच सेकंदांत मारला, उद्या चाळीस सेकंदांनी, तर भोक वर-खाली होणारच. बंद केल्यापासून शॉटपर्यंतचा वेळ ठरवून घ्या, साधारण १५ ते २५ सेकंद. बंद करायचा वेगही तोच ठेवा. दहा शॉटमध्ये क्रोनोवर (वेग मोजायच्या यंत्रावर) सेकंदाला तीन मीटरपेक्षा जास्त फरक दिसला तर पंपाकडे बघा. क्रोनो नसेल तर फोनच्या माइकवर शॉटचा आणि आदळल्याचा आवाज यातलं अंतर मोजणारी अ‍ॅप आहेत, तुलनेसाठी तेवढी पुरतात.

नवी_पेठ :

ग्रिपवर कोणीच नीट लिहिलं नाही आणि खरे गुण तिथेच जातात. दोन्ही हातांना चालणारी प्लास्टिक ग्रिप म्हणजे कोणाच्याच हाताला न बसणारी. घरात दोघं-तिघं मारणार असतील तरच ती घ्या. एकट्याने मारायचं असेल तर उजव्या हाताची अक्रोडाची घ्या आणि ती घासायला, भरायला लागणार हे धरूनच घ्या. विकत आणली तशी कोणाचीच बसत नाही.

बसवायची रीत अशी. तळहाताला टाल्कम पावडर चोळून ग्रिप पकडा, नेहमीच्या जोराने, आणि सोडा. पांढरं जिथे उमटलं तिथे हात लागतोय. (पूर्वी कुंकू लावून बघायचे. अक्रोडावर करू नका, लाकडात मुरतं आणि मग वर्षभर तळहात लाल.) जिथे उमटलं नाही ती पोकळी एम-सीलने भरायची. एका वेळी २ मिमीचा थर. लाकूड आधी ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडा, नाहीतर महिन्याने खपली पडते. ओल्या थरावर पातळ प्लास्टिक टाकून त्यावरून ग्रिप धरा, हाताचा ठसा आपोआप येतो. रात्रभर वाळू द्या. मग १२० ने घासा. गुळगुळीत करू नका, घामात सटकतं.

अंगठा आणि तर्जनीमधला खड्डा ग्रिपच्या मागच्या कुबडाखाली घट्ट वर गेला पाहिजे. ट्रिगरवर पहिल्या पेराचा मध्य, सांधा नाही. तर्जनी लाकडाला कुठेही टेकता कामा नये. टेकत असेल तर ओढताना लाकूड बाजूला ढकललं जातं आणि उजव्या हाताने मारणाऱ्याचे शॉट डावीकडे जातात. लोक मग मागची साईट फिरवतात. दोन साईटमधलं अंतर २८० मिमी धरलं, तर मागची साईट ०.१ मिमी सरकली की कागदावर साडेतीन मिमी सरकतं. बोटाची चूक साईटने झाकली तर दमल्यावर ती दुप्पट होऊन बाहेर येते.

ग्रिपची खालची फळी (मुठीखाली येते ती) हाताला घट्ट आवळू नका. मुठीच्या खालच्या कडेशी आणि फळीशी एक कागद सरकेल इतकी सैल. आणि कंट्रोलला जिथे अडवतात ते हेच : फळी वर वळलेली नको, मनगटाला कुठेही आधार मिळता कामा नये, आणि भरून भरून ग्रिप इतकी फुगवू नका की पेटीची ५० मिमीची जाडी ओलांडेल. घरी पुठ्ठ्याची तेवढ्याच मापाची पेटी करा, स्पर्धेच्या आदल्या दिवशी रडण्यापेक्षा बरं.

सात_रस्ता :

सगळ्यांना धन्यवाद. ग्रिप अक्रोडाची, उजव्या हाताची, हे पक्कं. इझ बघतो मिळतंय का, नाहीतर ६००४. दोन शंका राहिल्या. छर्रापेटीमागे काय लावू? गॅलरीची भिंत शेजाऱ्यांशी सामाईक आहे, आवाज नको. घरात जुना सागवानी दरवाजा पडून आहे, तो उभा केला तर? आणि परवान्याचं नेमकं काय, घरचे तेच विचारतायत.

दहा_पॉइंट_नऊ :

दरवाजा अजिबात नको. या वेगाचा छर्रा कठीण लाकडात घुसत नाही, टण्णकन परत येतो, आणि येतो तो थेट मारणाऱ्याच्या दिशेने. म्हणून चष्म्याशिवाय एकही शॉट नाही, बघत बसलेल्यांनाही चष्मा.

परवान्याचं सोपं आहे. २०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणे ४.५ मिमीपर्यंतच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर वेपनला परवाना लागत नाही. ०.४५ ग्रॅमचा छर्रा १०० मीटरने म्हणजे सव्वादोन ज्यूल, कुठे २० आणि कुठे हे. तरी बिल पक्कं घ्या, त्यावर मॉडेल आणि नंबर हवा, आणि पिस्तूल बाहेर नेताना बंद पेटीत बिलाच्या प्रतीसकट. सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये उघडं काढून मित्राला दाखवत बसलात तर ज्यूलचा हिशोब ऐकायला कोणी थांबणार नाही.

अक्कलकोट_रोड_मिस्त्री :

सोलापुरात राहून मागे काय लावू विचारता? चादर लावा की ओ. जुनी, जाड, आपलीच. दुहेरी घडी करून वरच्या दांडीला सैल टांगायची, खालचं टोक मोकळं, भिंतीपासून हातभर पुढे. सैल चादर छर्र्याचा जोर खाते, आवाज ‘थप’ एवढाच. ताणून बांधली तर भोक पडून छर्रा पार जातो, म्हणून चुण्या पडल्या पाहिजेत. तिच्यापुढे छर्रापेटी : लाकडी खोका, आत मागच्या अंगाला दोन इंच जाड मऊ पुट्टीचा थर, पुढे कागद. चादर फक्त चुकलेल्या शॉटसाठी. रोज एकाच जागी भोकं पडतात, म्हणून महिन्याला चादर वीतभर सरकवायची.

११.४ मीटरमध्ये चादर आणि पेटी अर्धा मीटर खाणार, कागद ते रेघ १० मीटर, तुम्हाला उभं राहायला पाऊण-एक मीटर उरतो. हात रेघेच्या पुढे गेलेला चालतो, पाय नाही. जमतंय. कागदाचा मध्य जमिनीपासून १.४ मीटरवर.

खोक्याखाली पत्र्याचा ट्रे ठेवा, छर्रे त्यात गोळा होतात. ते शिसं आहे. हात साबणाने धुतल्याशिवाय चहा-भाकरीला हात लावायचा नाही, आणि ती खोली झाडूने झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. चादर गच्चीवर झटकायची नाही. आणि घरच्यांना सांगून ठेवा, पाहुणे आले म्हणून ती परत कपाटातल्या घडीत जाता कामा नये.